व्हरांड्यातल्या दिव्याला लटकलेलं घरटं: नैरोबीतल्या लाल छातीच्या शिंजिराचं प्रकरण

पार्श्वभूमी

पार्कलँड्स हा नैरोबीतला जुना, झाडीचा भाग. तिथल्या एका कंपाउंडमध्ये चार बैठी घरं आहेत, मधे सामाईक बाग, फाटकाशी आस्कारीची म्हणजे राखणदाराची खोली. घरमालक तिसऱ्या पिढीचे केनियन गुजराती. त्यांना सगळे भाई म्हणतात. एका घरात सांगलीकडचे काका-काकू राहतात. मी दोन गल्ल्या सोडून राहतो, आणि मला पक्ष्यांचा नाद आहे हे ओळखीतल्या सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे या प्रकरणात ओढला गेलो. माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पक्ष्याचे तपशील मात्र आहेत तसेच ठेवले आहेत.

बागेत मधाला तोटा नाही. कोपऱ्यात नंदी फ्लेमचं झाड आहे. ज्याच्या कळ्या दाबून आपल्याकडची पोरं एकमेकांवर पाणी उडवतात तो पिचकारी हाच, मूळचा आफ्रिकेचा. फाटकापाशी दीपमाळेच्या जातकुळीची रोपं आपोआप उगवलेली, एकाच दांड्यावर नारिंगी फुलांचे गोल गुच्छ मजल्यांसारखे चढत गेलेले. महाराष्ट्रात माळावर, पडीक जागी दिसणारी दीपमाळसुद्धा आफ्रिकेतूनच आलेली. शिवाय कोरफडीचे ताटवे, बॉटलब्रश आणि काकूंच्या पूजेची जास्वंद.

प्रकरण खरं तर जास्वंदीपासूनच सुरू झालं. काकूंची तक्रार अशी की रोज सकाळी गणपतीला वाहायला फूल तोडावं तर देठाशी भोक पडलेलं. कीड असेल म्हणून त्यांनी फवारणीसाठी भाईंना सांगितलं. आम्हाला ती कीड ओळखता आली असती तर पुढचं बरंच टळलं असतं.

पक्षी कोण

इंग्रजीत स्कार्लेट-चेस्टेड सनबर्ड, मराठीत आपण लाल छातीचा शिंजीर म्हणू. शास्त्रीय नाव चाल्कोमित्रा सेनेगालेन्सिस. लिनियसने १७६६ मध्ये याचं वर्णन केलं तेव्हा नमुना सेनेगलचा होता, म्हणून नावात सेनेगल. पण पक्षी पश्चिमेला सेनेगलपासून पूर्वेला इथिओपिया-केनिया आणि खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंत पसरलेला आहे. चाल्कोमित्रा म्हणजे तांब्या-ब्राँझची शिरपट्टी. स्वाहिलीत शिंजिराला ‘चोझी’ म्हणतात, आणि चोझी म्हणजे अश्रूसुद्धा. का, ते मला आजवर कुणी पटेल असं सांगितलेलं नाही.

नर साधारण १५ सेंटिमीटरचा. दुरून नुसता काळा दिसतो. मग तो उन्हाकडे वळतो आणि छातीवरचा शेंदरी-लाल पट्टा असा पेटतो की हातातला चहा हातातच राहतो. दुर्बिणीतून पाहिलं की त्या लालात बारीक निळ्या रेघा चमकताना दिसतात. कपाळ आणि गळा हिरवा, पण तो हिरवा असतो आणि नसतो: पक्ष्याने मान किंचित वळवली की काळा पडतो. कारण लाल हा पिसांतल्या रंगद्रव्याचा रंग आहे, तर हिरवा-निळा हा पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशाचा खेळ.

आणि मादी? तपकिरी. पोटाकडून मळकट पिवळसर, त्यावर गडद ठिपके-रेघा. डोळ्यावर ती पांढरट भुवईही नाही, जिच्यावरून इतर काही शिंजिरांच्या माद्या ओळखता येतात. चोच मात्र नरासारखीच लांब, काळी, खाली वाकलेली. कंपाउंडमधल्या सगळ्यांना ‘लाल छातीवाला’ माहीत होता. ती तपकिरी त्याची मादी आहे, हे मी सांगेपर्यंत एकालाही माहीत नव्हतं. काका तिला चिमणी समजत होते. पुढचे सगळे निर्णय या एका गोष्टीवर अडले किंवा सुटले.

पुष्कळ जण याला हमिंगबर्ड म्हणतात. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहेत; त्यांचं आणि शिंजिरांचं नातं लांबचं, सारखेपणा आला तो सारख्या धंद्यामुळे. शिंजीर क्षणभर हवेत तरंगू शकतो, पण त्याची पद्धत बसून खायची. नळीदार जीभ फुलात घालून मध ओढायचा, आणि फूल फार खोल असेल तर सरळ देठाशी भोक पाडून आतला मध चोरायचा. जास्वंदीची ‘कीड’ ती हीच.

अडचण

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात व्हरांड्याच्या छताला, जुन्या दिव्याच्या वायरीला काहीतरी लोंबू लागलं. गवताच्या काड्या, वाळकं पान, कोळ्याचं जाळं. कामाला येणाऱ्या बाईंनी ते जळमट समजून झाडूने काढलं. यात त्यांचा काही दोष नाही, कारण ते जळमटच दिसतं. कोळ्याच्या जाळ्यानेच हा पक्षी घरटं शिवतो, आणि बाहेरून असा कचरा लोंबत ठेवतो की घरटं असल्याची शंकाही येऊ नये.

दहा-बारा दिवसांत त्याच वायरीला पुन्हा तेच. या वेळी काकूंनी झाडू अडवला, कारण त्यांना सांगलीचं घर आठवलं. तिथे कपडे वाळत घालायच्या दोरीच्या टोकाला शिंजिराने अगदी असंच घरटं केलं होतं, आणि त्यांच्या आईने महिनाभर दोरी वापरू दिली नव्हती. त्यांनी मला फोन केला. मी १ मार्चला गेलो तेव्हा घरटं पुरं झालं होतं: पेरूच्या आकाराची लांबट पिशवी, बाजूला तोंड, तोंडावर गवताची छोटी पडवी.

पण त्याच आठवड्यात रंगकाम ठरलं होतं. नैरोबीत मोठा पाऊस मार्च ते मे. बाहेरच्या भिंती त्याआधी रंगवून झाल्या नाहीत तर थेट जूनवर गेलं. भाईंनी फुंडीला (इथे कुठल्याही कारागिराला फुंडीच म्हणतात) आगाऊ पैसे दिलेले. दिव्याची वायर जुनी, वरचं आवरण तडकलेलं, तीही पावसाआधी बदलायची होती. आणि दर महिन्याचं फ्युमिगेशन ४ मार्चला.

त्यात मादी दिसेनाशी झाली. ३ तारखेला नाही, ४ ला नाही. फुंडीचं म्हणणं सरळ होतं: घरटं रिकामं आहे, पक्षी सोडून गेलाय, काढून टाकू.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय घरटं काढून टाकायचा. त्या क्षणी तो अगदीच वेडगळ नव्हता, हे मान्य करायला हवं. आत अंडी नसतील, तर मादी दुसरीकडे नवं बांधते. एकदा बांधलंच होतं. पण अंडी आहेत की नाहीत हे कुणालाच माहीत नव्हतं.

दुसरा, घरटं तसंच्या तसं उचलून बागेतल्या फांदीला बांधायचं. हा पर्याय काकांना फार आवडला, आणि असा सल्ला देणारे भेटतातही. मी ठाम नाही म्हटलं. शिंजिराने व्हरांडा निवडला तो माणसांच्या प्रेमापोटी नव्हे. वर छप्पर आहे, फांदी नाही, म्हणून साप-खारीला पोचायला वाट नाही. ते फांदीला बांधलं की निवडीमागचं सगळं कारणच जातं, आणि मादी त्याला ओळखेल याची खात्री नाही.

तिसरा, सगळंच काम पुढे ढकलायचं. भाईंचं नुकसान.

चौथा, बाकीची घरं रंगवायची, हा व्हरांडा सोडायचा आणि किती दिवस सोडायचा ते सांगायचं. इथे सगळं ‘किती दिवस’वर येऊन थांबलं.

मनात एक पाचवा पर्यायही होता: कायद्याचा. केनियात वन्यजीव संवर्धन आणि व्यवस्थापनाचा २०१३ चा कायदा आहे. तो भाईंसमोर नाचवावा असं एका शेजाऱ्याने सुचवलं. मी टाळलं. घरमालकाला कायदा दाखवला की तो घरटं नाही तर भाडेकरू बघायला लागतो.

काय ठरलं, काय केलं

चौथा पर्याय ठरला. घरट्यापासून दोन मीटरपर्यंत खरवडणं नाही, रंग नाही, शिडी नाही. दिव्याचं बटण बंद करून त्यावर काकांनी चिकटपट्टी लावली, वर मराठीत आणि स्वाहिलीत ‘लावू नये’ लिहिलं. तडकलेल्या वायरीतून वीजच जाणार नाही म्हटल्यावर भाईंचीही काळजी मिटली.

फ्युमिगेशन थांबवणं हा माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय, आणि त्यावर चर्चा सगळ्यात कमी झाली. मध पिणारा पक्षी म्हटलं की मधावरच पिल्लं वाढत असतील असं वाटतं. तसं नाही. पिल्लांच्या अंगावर मांस धरायला प्रथिनं लागतात, ती कोळी आणि किडे यांतून येतात. घरट्याला लागणारं सूतही कोळ्याचंच. बागेतले कोळी मारले असते तर घरट्याला हातही न लावता ते बसलं असतं. भाईंनी एका महिन्याची फवारणी रद्द केली. पैसे वाचले म्हणून असेल, पण लगेच केली.

एक कृती सपशेल चुकली. काकूंच्या भाच्याने हौसेने लाल प्लॅस्टिकचा फीडर आणून टांगला, त्यात मध, पाणी आणि वर खायचा लाल रंग. दोन दिवसांत मुंग्यांची रांग, तिसऱ्या दिवशी आत काळी बुरशी. या पाण्यात मध घालायचा नसतो, तो लवकर आंबतो. रंगाची गरजच नसते. द्यायचंच तर एक भाग साखर आणि चार भाग पाणी, आणि रोज बदलायचं. पण भोवती एवढा फुलोरा असताना कशाला? फीडर काढला.

नराचा वेगळाच ताप. त्याला काकांच्या गाडीच्या आरशात दुसरा लाल छातीवाला सापडला. सकाळी सहापासून तो त्याच्याशी भांडायचा, काचेवर चोच आपटायची, पंख फडफडवायचे, आरशाखाली विष्ठेचे ओघळ. यात पक्षी दमतो आणि चोचीला इजा होऊ शकते. काकांनी दोन्ही आरशांवर जुने लोकरी मोजे चढवले. दुसऱ्या दिवशी तो शेजाऱ्यांच्या गाडीवर. मग चारही घरांच्या गाड्या आठ मोजे घालून उभ्या राहू लागल्या. आस्कारी फाटकावर येणाऱ्या प्रत्येकाला याचं कारण सांगायचा, आणि दर वेळी गोष्ट थोडी वाढायची.

६ मार्चच्या संध्याकाळी काकूंचा मेसेज आला: ती आत आहे. मी जाऊन बागेतल्या बाकावरून दुर्बीण लावली. घरट्याच्या तोंडातून एक वाकडं दाभण बाहेर आलेलं, तीच मादीची चोच. बाकी काही दिसत नव्हतं. पिशवीच्या आत ती इतकी घट्ट बसली होती की प्रत्येक श्वासाबरोबर पडवीच्या काड्या किंचित हलत होत्या. फुंडी माझ्या शेजारी येऊन बसला, दुर्बीण मागून घेतली, बराच वेळ बघत राहिला. मग त्याने शिडी उचलून घराच्या मागच्या बाजूला नेली. त्यानंतर घरटं काढायची भाषा त्याने केली नाही.

चुकलेलं गणित

आता माझी चूक. भाईंना तारीख हवी होती, आणि मी १ मार्चलाच देऊन बसलो होतो. पुस्तकातले आकडे डोक्यात होते: अंडी साधारण दोन, उबवणं १३ ते १५ दिवस आणि तेही एकट्या मादीने, मग पिल्लं १५ ते २० दिवस घरट्यात. मी १४ आणि १६ मिळवले, ‘३१ मार्चला जागा मोकळी’ म्हणून सांगितलं. पण मोजायला सुरुवात केली घरटं पुरं झाल्यापासून. घरटं झाल्यावर मादीने मधे काही दिवस जाऊ दिले. ३ आणि ४ तारखेला ती दिसली नाही, ते हेच दिवस.

१ एप्रिलला भाई स्वतः फुंडीला घेऊन हजर, आणि घरट्याच्या तोंडातून एक पिवळ्या ओठांचं डोकं बाहेर. भाई मला म्हणाले, “तुमचा पक्षी कॅलेंडर वाचत नाही वाटतं.” मी तोंडघशी पडलो होतो. आणखी सात दिवस मागितले, ते त्यांनी दिले. ते माझ्या शब्दावर नव्हे. त्या सकाळी मादी अर्ध्या तासात सात वेळा कोळी-किडे घेऊन आली आणि ते त्यांनी मोजलं, त्याचा तो परिणाम. नर दोनदा आला. “मोजे घालूनही याला वेळ नाही?” हाही त्यांचाच प्रश्न.

दर बुधवारी सकाळी नैरोबीच्या राष्ट्रीय संग्रहालयातून नेचर केनिया या निसर्गप्रेमींच्या संस्थेची पक्षी-फेरी निघते. तिथे एका जुन्या जाणत्या बाईंना मी हे सांगितलं. त्या हसल्या नाहीत. मादी पहिल्यांदा रात्री आत झोपते त्या दिवसापासून मोजायचं, एवढंच म्हणाल्या, आणि जाताजाता, “पिल्लू उडालं म्हणून लगेच हात लावू नका.”

हे दुसरं वाक्य मी नीट ऐकलं नाही.

७ एप्रिलला पिल्लू उडालं. आखूड शेपटी, मादीसारखाच तपकिरी रंग, चोच अजून आखूड. काकूंनी साखरभात केला. मी भाईंना कळवलं, उद्या फुंडी पाठवा. संध्याकाळी सहाला काकूंचा फोन: “अहो, ते परत आलंय.” मादी पुढे, पिल्लू मागे, दोन-तीनदा वायरीवरून घसरलं आणि मग मुटकुळं करून घरट्यात शिरलं. या जातीची उडालेली पिल्लं काही दिवस रात्री झोपायला घरट्यातच परततात. फुंडीला रात्री साडेआठला फोन करून थांबवावं लागलं. सकाळी आठ ते संध्याकाळी पाचच्या दरम्यान तो येऊन घरटं उतरवून गेला असता, तर तेव्हा ते खरंच रिकामं होतं, आणि संध्याकाळी त्या पिल्लाला जागा सापडली नसती.

निष्पत्ती

पिल्लू सहा रात्री आलं. सातव्या, आठव्या आणि नवव्या रात्री आलं नाही. आता खिडकी छोटी होती, कारण लाल छातीच्या शिंजिराची मादी तेच घरटं पुढच्या अंड्यांसाठी वापरते हे एव्हाना मी वाचून, विचारून, दोनदा तपासून घेतलं होतं. काकूंचं मत होतं राहू द्यावं. मी काढायचं म्हटलं: तडकलेली वायर, पावसात झिरपणारं छत, त्यावर आणखी पाच आठवडे थांबणं बरोबर नव्हतं. आधीच्या निर्णयांबद्दल मला शंका नाही, पण याबद्दल अजूनही पूर्ण खात्री नाही.

१६ एप्रिलला, उघडीप बघून, घरटं उतरवलं. काकूंनी ते वर्तमानपत्रावर ठेवलं. बाहेर गवत, वाळकी पानं, दगडफुलासारखे करडे तुकडे, चॉकलेटच्या चांदीची एक पट्टी. आत कोंबडीची मऊ पिसं आणि पांढऱ्या कापसाचं जाड अस्तर. काकूंनी त्यातली एक गुंडाळी चिमटीत धरून उलगडली आणि ती त्यांच्याच हातची वात निघाली. निरांजनासाठी वळलेल्या वाती त्या व्हरांड्यात ताटलीत ठेवत. अस्तरात एक न उबलेलं अंडंही सापडलं. म्हणजे दोनांतून एक वाढलं. दुसरं का नाही, हे सांगता येत नाही; रंगाचा वास, शिडीची खडखड, की काहीच नाही.

त्याच दिवशी वायर बदलली, रंग झाला. पण मार्चचे डबे संपले होते आणि नव्या डब्यातली छटा किंचित वेगळी निघाली. व्हरांड्याच्या छतावर दिव्याभोवती दोन मीटरचा फिक्या पिवळ्याचा गोल अजून दिसतो.

आज हेच समोर आलं तर

तारीख न देता टप्पे देईन: ती रात्री आत झोपली की कळवतो, पिल्लाचं डोकं दिसलं की कळवतो, सलग तीन रात्री घरटं रिकामं राहिलं की फुंडीला बोलवा. भाईंसारख्या माणसाला उशीर चालतो, चुकलेली तारीख चालत नाही.

पहिलं घरटं झाडूने गेलं तेव्हाच बाईंशी आणि आस्कारीशी बोलायला हवं होतं. आम्ही सगळी चर्चा घरमालक आणि भाडेकरू यांच्यात केली. झाडू आणि फवारणीचा पंप ज्यांच्या हातात, त्यांना कुणी विचारलंच नाही. आस्कारीला ती तपकिरी मादी जानेवारीपासून माहीत होती असं नंतर कळलं. ती त्याच्या खोलीच्या खिडकीतलं जाळं नेत असे.

आणि पर्यायी जागा आधीच करून ठेवायला हवी होती. ती आम्ही नंतर केली. मागच्या पडवीत, जिथे दिवा नाही की वायर नाही, तिथे छताला एक हूक ठोकून त्याला काथ्याची वीतभर दोरी बांधली. भाईंनी खर्च दिला. मे महिन्यात तिथे काही आलं नाही, जूनच्या गारठ्यातही नाही. ऑक्टोबरच्या शेवटी, छोट्या पावसाची पहिली सर पडून गेल्यावर, मला भाईंचा फोन आला. दोरीला जळमट धरलंय, म्हणाले. बाईंना झाडू आवरायला सांगितलंय, फवारणी पुढे ढकललीय, मोजे कुठे आहेत ते काकूंना विचारतोय.

“आणि या वेळी,” ते म्हणाले, “तुम्ही काही मोजू नका. मीच मोजतो.”